व्हेरिकोसीलचं ऑपरेशन आणि स्पर्म रिपोर्ट : करायचं कधी, थांबायचं किती

डिसेंबरची सकाळ, कर्वे रोडवर नळ स्टॉपच्या सिग्नलला रिक्षा अडकलीये, स्वेटरच्या आत बनियनला चिकटवून मी एक प्लास्टिकची छोटी डबी धरलीये आणि दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ बघतोय, कारण लॅबवाल्या ताईंनी बजावलं होतं की तासाच्या आत आणा आणि गार होऊ देऊ नका. रिक्षावाले काका आरशातून बघतायत, शेवटी म्हणाले, "दादा, पोटात दुखतंय का? दवाखान्यात घेऊ का?" डबीत तपासणीसाठी दिलेलं वीर्याचं सॅम्पल होतं. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणं, या विषयातलं माझं शिक्षण त्या सिग्नलला सुरू झालं.

मी डॉक्टर नाही. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, राहायला कोथरूडला. ऑपरेशन झालं तेव्हा वय ३४ होतं, बायको ३१. त्या दीड वर्षात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं आणि स्वतःच्या अंगावर काढलं ते सगळं एका जागी लिहितोय, कारण मराठीत शोधलं की एकतर जाहिरात सापडते नाहीतर चूर्ण. एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो, या ऑपरेशनचा हिशोब टाक्यांत नाही, महिन्यांत होतो, आणि त्या महिन्यांवर तुमच्या एकट्याचा हक्क नसतो, बायकोचं वय पण त्याच कॅलेंडरवर चालू असतं.

आधी भानगड काय ते

वृषणातलं रक्त वर परत नेणाऱ्या शिरांचं एक जाळं असतं. त्या शिरांमध्ये झडपा असतात, रक्त वर गेलं की खाली येऊ नये म्हणून. सोसायटीच्या पंपावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो ना, तो गेला की पंप बंद केल्यावर टाकीकडे चढलेलं पाणी गडगडत परत खाली येतं, अगदी तसंच. झडप नीट बसत नाही, रक्त उलटं खाली उतरतं, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. पायाला व्हेरिकोज व्हेन्स होतात त्यांचा हा भाऊ. उभं राहून हात लावला तर गार झालेल्या शेवया पिशवीत भरल्यासारखं लागतं.

हे बहुतेक वेळा डाव्या बाजूला होतं. कारण प्लंबिंगचंच आहे, उजवीकडची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी जाऊन मिळते आणि डावीकडची जास्त लांब असते, वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे तिच्यावर प्रेशर जास्त येतं. म्हणूनच फक्त उजवीकडे मोठं व्हेरिकोसील असेल, किंवा एकदम अचानक आलं आणि झोपल्यावरही उतरत नाही असं असेल तर डॉक्टर पोटाचं स्कॅनिंग करायला लावतात, वर कुठे गाठ दाबत नाहीये ना हे बघायला. ते टाळू नका.

आता शुक्राणूंचा आणि शिरांचा संबंध काय? वृषण शरीराच्या बाहेर लटकतं ते उगाच नाही, त्याला शरीरापेक्षा २ ते ४ डिग्री कमी तापमान लागतं. खाली येणाऱ्या धमनीतलं गरम रक्त त्याच्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातलं थंड रक्त गार करून टाकतं, आमच्या प्लांटमधला हीट एक्स्चेंजर हेच काम करतो. शिरांत गरम रक्त साचलं की हा एक्स्चेंजर बसतो. त्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणजे पेशींना गंज चढल्यासारखं म्हणा, आणि शुक्राणूंची संख्या, पोहण्याचा जोर, आकार आणि आतला डीएनए या सगळ्यावर परिणाम होऊ शकतो.

'होऊ शकतो' हे मुद्दाम म्हटलंय. १०० पुरुषांपैकी साधारण १५ जणांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं व्यवस्थित होतात. माझ्या सख्ख्या मामाला आहे आणि त्याला तीन पोरं आहेत, आईने हे मला नको तितक्या वेळा ऐकवलं. पण मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण ३५ ते ४० टक्के सापडतं. म्हणजे शीर फुगली म्हणजे वंध्यत्व आलं असं नाही, आणि शीर फुगलीये तर दुर्लक्ष करा असंही नाही.

पायरी १ : दोघांच्या तपासण्या एकाच वेळी

वर्षभर प्रयत्न करून राहत नसेल तर तपासणी, आणि बायको ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आमच्याकडे काय झालं, बायकोच्या रक्ताच्या टेस्ट झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या उघड्या आहेत का बघायची ती दुखणारी एचएसजी झाली, सात-आठ महिने औषधं झाली, आईने दगडूशेठला नवस बोलून झाला, आणि मग एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठंय?" नव्हताच. आधीच्या दवाखान्यात कुणी मागितला नाही आणि मी स्वतःहून दिला नाही. सगळ्यात स्वस्त, न दुखणारी टेस्ट सगळ्यात शेवटी झाली. ही लाज माझी आहे, तुम्ही तरी तसं करू नका.

पायरी २ : सीमेन अ‍ॅनालिसिस (वीर्याची तपासणी) नीट द्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं

इथे जरा थांबून वाचा कारण निम्मे घोळ इथेच होतात.

शेवटच्या वीर्यपतनानंतर २ ते ७ दिवसांचं अंतर हवं. दहा दिवस थांबलं की जास्त साठेल असं काही जणांना वाटतं, व्हॉल्यूम वाढतो पण जुने झालेले मेलेले शुक्राणू पण वाढतात. दरवेळी अंतर सारखंच ठेवा, मी तीन दिवस ठरवलं होतं, नाहीतर दोन रिपोर्टची तुलनाच होत नाही. सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्या, लाज वाटते मान्य आहे, ती खोली, ती खुर्ची, बाहेर नंबर पुकारतायत, पण ती लाज दहा मिनिटांची असते. घरून न्यायचं असेल तर अर्ध्या तासात पोचेल असं बघा, जास्तीत जास्त एक तास, आणि डबी अंगाशी धरून. तेल, थुंकी, साबण काही लावायचं नाही, साधा कंडोम वापरायचा नाही. आणि पहिला भाग सांडला तर तसं प्रामाणिकपणे सांगा, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात.

दुसरी गोष्ट, ताप. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू-चिकुनगुनियाचा सीझन असतो, घरटी एक जण आडवा असतो. जोरदार ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने रिपोर्ट पडलेला दिसू शकतो. त्यामुळे तीन महिन्यांत ताप, मोठं आजारपण, नवीन औषध काही झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि एका रिपोर्टवर कधीच निर्णय घ्यायचा नाही, साधारण महिनाभराच्या अंतराने निदान दोन हवेत. एकाच माणसाचा आकडा आज ८ आणि महिन्याने १४ येऊ शकतो, कुठलीही गोळी न खाता.

आता रिपोर्ट वाचायचा कसा. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे खालच्या मर्यादा अशा आहेत: व्हॉल्यूम १.४ मिली, काउंट मिलीला १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे पोहणारे ३० टक्के, आणि नॉर्मल आकाराचे फक्त ४ टक्के. हो, चारच. रिपोर्टवर '९६ टक्के अ‍ॅबनॉर्मल' बघून माझा एक मित्र दोन दिवस जेवला नव्हता, त्याचा रिपोर्ट नॉर्मल होता. आणि हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेषा नाही, मुलं झालेल्या पुरुषांमधल्या खालच्या ५ टक्क्यांची ती पातळी आहे.

नुसत्या काउंटकडे बघू नका. तीन आकड्यांचा गुणाकार करा, व्हॉल्यूम गुणिले काउंट गुणिले मोटिलिटी (हलणाऱ्यांची टक्केवारी), याला टोटल मोटाइल काउंट म्हणतात. माझा पहिला रिपोर्ट: २.५ मिली, ८ मिलियन, २२ टक्के. गुणाकार ४.४ मिलियन. दुसरा: २ मिली, ११ मिलियन, २५ टक्के, म्हणजे ५.५. काउंट ८ वरून ११ झाला म्हणून मी खूश होतो, गुणाकार केल्यावर कळलं की फार काही हललेलं नाही.

काउंट १० मिलियनच्या खाली असेल तर एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सची रक्ततपासणी करतात. ५ मिलियनच्या खाली किंवा शून्य असेल तर कॅरियोटाइप (क्रोमोसोमची तपासणी), आणि फारच कमी, म्हणजे १ मिलियनच्या आत किंवा शून्य असेल तर वाय क्रोमोसोमचा तुकडा गळालाय का बघणारी मायक्रोडिलीशन टेस्ट पण सांगतात, कारण दोष जनुकांतच असेल तर शिरा बांधून काही उपयोग नाही.

पायरी ३ : डॉक्टरांचा हात आधी, डॉपलर नंतर

यूरोलॉजिस्टकडे जा, त्यातही पुरुष वंध्यत्व बघणारे असतील तर उत्तम. तपासणी उभं राहून होते आणि खोली गार नको, गार खोलीत सगळं आखडून जातं आणि हाताला काही लागत नाही. माझ्या डॉक्टरांनी आधी एसी बंद केला, दोन मिनिटं गप्पा मारल्या, मग म्हणाले, "आता श्वास रोखून पोटावर जोर द्या, संडासला कुंथता तसं." जोर दिल्यावरच हाताला लागलं तर ग्रेड १, जोर न देता लागलं तर ग्रेड २, नुसत्या डोळ्यांनी दिसलं तर ग्रेड ३. माझं डावीकडे ग्रेड ३ होतं आणि मी ते कॉलेजपासून बघत होतो, मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं.

आता महत्त्वाचं. हाताला काहीच लागत नाही, फक्त सोनोग्राफीत शिरा जरा जाड दिसल्या, याला सबक्लिनिकल व्हेरिकोसील म्हणतात, आणि अमेरिकन यूरॉलॉजी असोसिएशनच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की अशांचं ऑपरेशन सुचवू नये, कारण त्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. कुणी हात न लावता डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, कागद बघून थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा आणि दुसऱ्याचं मत घ्या.

पायरी ४ : करायचं का नाही

ऑपरेशनचा विचार कधी? व्हेरिकोसील हाताला लागतंय, दोन रिपोर्ट खराब आहेत, मूल हवंय आणि होत नाहीये, आणि बायकोच्या तपासण्या नॉर्मल आहेत किंवा जे आहे ते दुरुस्त होण्यासारखं आहे. हे चारही जुळले तर. रिपोर्ट नॉर्मल असेल तर मूल व्हावं म्हणून शिरा बांधायची गरज नाही, मग ग्रेड ३ का असेना. दुखत असेल तर तो वेगळा विषय. वयात येणाऱ्या मुलांमध्ये त्या बाजूचं वृषण लहान राहत असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात.

फायदा किती होतो? साधारण तीनातल्या दोघांचा रिपोर्ट सुधारतो. मायक्रोसर्जरी झालेल्यांचे बरेच अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये एक हिशोब आला होता, त्यात काउंट सरासरी मिलीला १० मिलियनच्या जवळपास आणि मोटिलिटी साधारण १० टक्क्यांनी वाढलेली होती. पण रिपोर्ट सुधारणं आणि बाळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. २०११ मधल्या १४५ जणांच्या चाचणीत चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले होते, एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याचं नाही. वर्षभरात नैसर्गिक गर्भधारणा ऑपरेशनवाल्यांमध्ये ३२.९ टक्के, दुसऱ्यांमध्ये १३.९ टक्के. दुपटीपेक्षा जास्त, हो. पण उलटं वाचा, ऑपरेशन करूनही शंभरातल्या ६७ जणांकडे त्या वर्षात गोड बातमी नव्हती. अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यातही उपचाराने गर्भधारणेची शक्यता वाढत असावी असंच म्हटलंय आणि पुरावा फार भक्कम नाही हेही लिहिलंय. 'हमखास' हा शब्द कुणी वापरला तर तिथेच कान टवकारा.

वारंवार गर्भपात होत असतील तर शुक्राणूंच्या डीएनए फ्रॅगमेंटेशनची टेस्ट विचारा. व्हेरिकोसीलमध्ये हा आकडा वाढलेला असू शकतो आणि ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचा उतरतो, नेहमीच्या रिपोर्टमध्ये तो दिसतच नाही.

वीर्यात शुक्राणू शून्य असतील तर? ऑपरेशननंतर काही जणांमध्ये थोडे शुक्राणू बाहेर यायला लागतात, पण बहुतेकांना पुढे आयसीएसआय (लॅबमध्ये एक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं) लागतंच, आणि आधी ऑपरेशन करावं का थेट वृषणातून शुक्राणू काढावेत याबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. इथे घाई नको.

आणि बायकोचं वय. ती २८ ची असेल तर वर्षभर वाट बघायला हरकत नाही. ती ३७-३८ ची असेल, एएमएच (किती स्त्रीबीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) कमी असेल तर तुमचा रिपोर्ट सुधारायची वाट बघण्यात तिचे महिने जातात, अशा वेळी थेट आयव्हीएफकडे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीकडे जाणं शहाणपणाचं असू शकतं. म्हणून यूरोलॉजिस्ट आणि गायनॅक दोघांना एकमेकांचे कागद दाखवा. आमच्याकडे ते दोघं एकमेकांशी फोनवर बोलले, मी नुसता निरोप्या झालो असतो तर गोंधळच होता.

पायरी ५ : कुठलं ऑपरेशन

काम एकच, बिघडलेल्या शिरा बांधायच्या, रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी परत जातं. रस्ते वेगवेगळे आहेत. सगळ्यात जास्त पसंती जांघेच्या जरा खाली छोटा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली केलेल्या ऑपरेशनला आहे. मायक्रोस्कोप का, तर तिथे शिरांच्या गर्दीत दोन गोष्टी वाचवायच्या असतात, वृषणाला रक्त देणारी बारीक धमनी आणि लसिकावाहिन्या. लसिकावाहिनी चुकून बांधली गेली की नंतर पाणी साठतं, म्हणजे हायड्रोसील. धमनी गेली तर वृषण आक्रसू शकतं, हे क्वचित होतं पण होतं. मायक्रोस्कोपने शीर परत फुगायचं प्रमाण १-२ टक्क्यांच्या आसपास राहतं आणि हायड्रोसील त्याहून कमी, जुन्या उघड्या पद्धतीत दोन्ही बरंच जास्त. दुर्बिणीतून, म्हणजे लॅप्रोस्कोपीने पण करतात, त्यात पोटात जावं लागतं, प्रमाण या दोघांच्या मधलं. चौथा रस्ता एम्बोलायझेशन, टाका नाही, शिरेतून बारीक नळी घालून आतून कॉइलने शीर बंद करतात, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतो, कधी कधी नळी पोचतच नाही.

सर्जनला सरळ विचारा: ऑपरेटिंग मायक्रोस्कोप वापरता का नुसता डोळ्यावरचा लूप (चष्म्यासारखं भिंग), धमनी शोधायला मायक्रो डॉपलर आहे का, वर्षाला अशी किती करता. मी विचारलं तेव्हा डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तुम्ही मशीन घ्यायला आलाय का?" मग सगळी उत्तरं दिली. चिडले असते तर मी दुसरीकडे गेलो असतो.

इन्शुरन्सचं आधी बघा. बऱ्याच पॉलिसीत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात, काहींत हर्निया-हायड्रोसीलच्या यादीत व्हेरिकोसील घालून वेटिंग पिरियड लावलेला असतो. टीपीएकडून (इन्शुरन्स कंपनीचे क्लेम बघणारी एजन्सी) लेखी प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरी, आल्याशिवाय कॅशलेस धरून चालू नका, आणि हॉस्पिटलकडून एस्टिमेट घेताना मायक्रोस्कोपचा चार्ज वेगळा आहे का ते विचारा, माझ्या बिलात तो ऐनवेळी उगवला.

पायरी ६ : ऑपरेशनचा दिवस आणि घरचे पंधरा दिवस

रात्रीपासून उपाशी, सकाळी अ‍ॅडमिट, कमरेत इंजेक्शन किंवा पूर्ण भूल, एका बाजूला साधारण तास-दीड तास. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधीच सांगून ठेवा.

घरी जाताना लागतो तो सपोर्टर, आधीच आणून ठेवा आणि साइज बरोबर घ्या. मी ऑपरेशनच्या दिवशी लहान भावाला पाठवलं, तो क्रिकेटचा सपोर्टर घेऊन आला, पुढे कडक कप असलेला. पहिले दोन दिवस बर्फ, पण थेट नाही, पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी सगळं जांभळं-निळं दिसलं आणि मी घाबरून फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, ते म्हणाले रक्त उतरलंय, आठवड्यात जाईल, गेलं. शिंक आली की टाक्यावर हात ठेवून शिंकायचं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथायचं नाहीये, रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी.

चालणं दुसऱ्या दिवसापासून, घरातल्या घरात. ऑफिसचं टेबलकाम आठवड्याने. टू-व्हीलर मी दोन आठवडे बंद ठेवली आणि खरं सांगायचं तर पौड रोडचे स्पीडब्रेकर आठवून तिसरा आठवडाही बसनेच गेलो. वजन उचलणं, जिम, गॅस सिलिंडर हलवणं तीन-चार आठवडे नाही. शरीरसंबंध साधारण दोन-तीन आठवड्यांनी, तुमचे डॉक्टर सांगतील तसं.

ताप, टाक्यातून पू, किंवा एक बाजू तासातासाला फुगून दगडासारखी टणक होतेय, असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि जुन्या फुगलेल्या शिरा हाताला अजून काही महिने लागतात, म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका.

पायरी ७ : तीन महिने म्हणजे तीन महिने

शुक्राणू बनायला साधारण ७०-७५ दिवस लागतात आणि वृषणातून निघून बाहेर पडायच्या तयारीला येईपर्यंत आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे ऑपरेशननंतर महिन्याने जे शुक्राणू दिसतात ते जुन्या गरम घरातच बनायला लागलेले असतात. महिन्याने टेस्ट करणं म्हणजे पेरून चार दिवसांनी माती उकरून बघणं. पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी, मग दर तीन महिन्यांनी, वर्षभर किंवा दिवस जाईपर्यंत.

माझा तीन महिन्यांचा रिपोर्ट: काउंट ९, मोटिलिटी २७. मी गाडी लावून पार्किंगमध्येच बसलो होतो, वर जाऊन सांगायचं काय. बायको खाली आली, कागद बघितला, म्हणाली, "मागच्या महिन्यात तुला ताप होता ना पाच दिवस? त्यांना सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. सहा महिन्यांचा: २.२ मिली, १९ मिलियन, ३८ टक्के. गुणाकार जवळजवळ १६. तापामुळे पहिला पडला का सुधारणाच उशिरा झाली हे ठरवता येत नाही, डॉक्टरांनीही ठामपणे काही सांगितलं नाही.

या काळात काय करायचं, तर तंबाखू-सिगारेट-मिश्री बंद, दारू कमी, पोट कमी, मांडीवर लॅपटॉप नाही, गरम पाण्याच्या टबात बसणं नाही. फर्नेस किंवा वेल्डिंगवर काम असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि जिमवाल्या मित्राने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर चुकूनही घेऊ नका, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू वृषणाला 'काम बंद' सांगतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. हे मला तीन सुशिक्षित माणसांना समजवावं लागलंय.

ताकदीच्या गोळ्या? मेडिकलमधून अँटिऑक्सिडंटचे डबेच्या डबे येतात घरात. २०२० मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एकीत अँटिऑक्सिडंटचं मिश्रण, दुसरीत झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड, दोन्हींत रिपोर्ट सुधारला नाही आणि बाळं होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. डॉक्टरांनी दिल्या तर घ्या, पण पगार त्यात घालवू नका. काकूंनी पाठवलेला कौंचपाक मी खाल्ला, चव चांगली होती.

प्रयत्न मात्र रिपोर्टसाठी थांबवायचे नाहीत. टाके भरले, डॉक्टरांनी हो म्हटलं की पाळी संपल्यावर दिवसाआड. नैसर्गिक गर्भधारणा झाली तर ती बहुतेक ६ ते १२ महिन्यांत होते.

पायरी ८ : नाहीच वाढलं तर

माझ्याच शॉपमधल्या एकाचं ऑपरेशन माझ्यानंतर महिन्याभरात झालं, त्याच प्रकारचं, ग्रेड पण तीच. वर्षभरात त्याचा काउंट ४ वरून ५ झाला, बस. त्याची बायको ३६ ची. त्यांनी आणखी वाट न बघता आयसीएसआय केलं, दुसऱ्या वेळी राहिलं. तो अजून मला विचारतो की ऑपरेशन फुकट गेलं का रे. मला माहीत नाही. काही अभ्यासांत आधी व्हेरिकोसील दुरुस्त केलेल्यांमध्ये आयसीएसआयचे निकाल बरे दिसलेत, पण त्याच्या बाबतीत तसं झालं का हे कुणी सांगू शकणार नाही.

न वाढण्याची कारणं शोधायची असतील तर आधी शीर परत फुगलीये का हे हाताने आणि डॉपलरने बघतात. ती बंद असेल आणि सहा-नऊ महिन्यांत हालचाल नसेल तर गुणाकाराचा आकडा घेऊन गायनॅककडे बसा. लॅबमध्ये सॅम्पल धुतल्यानंतर (चांगले शुक्राणू वेगळे काढल्यावर) ५ मिलियनपेक्षा कमी हलणारे शुक्राणू उरत असतील तर आययूआयने, म्हणजे ते नळीने थेट गर्भाशयात सोडून, राहण्याचे चान्सेस कमी होतात, मग आयव्हीएफ किंवा आयसीएसआयचं बोलणं होतं. त्याहून बरे असतील तर दोन-चार आययूआय करून बघतात. आमचं एक आययूआय वाया गेलं आणि दुसऱ्याची तारीख ठरवायच्या आधीच हिची पाळी चुकली, ऑपरेशनला तेव्हा नववा महिना चालू होता.

फाईल करा एक. प्रत्येक रिपोर्टवर पेनाने लिहा: किती दिवसांचं अंतर होतं, सॅम्पल लॅबमध्ये दिलं का घरून नेलं, मागच्या तीन महिन्यांत ताप आला होता का, आणि शक्यतो लॅब बदलू नका, कारण मोजणाऱ्याप्रमाणे आकडा बदलतो. माझ्या पहिल्या रिपोर्टवर अजून लिहिलेलं आहे, 'घरून, रिक्षा, ४० मिनिटं, नळ स्टॉप'.